कप्तान सिदेरिसचा डावा गाल

आग्रिलोस बेटावर एकाच तोंडाचे दोन पुरुष होते. एक कांस्याचा, चौकातल्या चौथऱ्यावर बसवलेला. तो शूर होता. दुसरा हाडामांसाचा, बंदरावर जाळी शिवत बसायचा. तो फटाक्यांना भ्यायचा. ईस्टरला पोरं देवळाबाहेर फटाके उडवायला लागली की हा दुसरा, म्हणजे आपला झन्नीस, पावाच्या भट्टीमागे कानांत बोटं घालून उभा राहायचा. मग त्याची बायको इरिनी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारायची, "या बाहेर कप्तान, तुर्क गेले!"

कप्तान म्हणजे कप्तान सिदेरिस, या बेटाचा स्वातंत्र्यवीर. अठराशे एकवीसच्या लढाईत त्याने एका जुन्या गलबतात डांबर आणि दारू ठासून भरली, ते तुर्कांच्या युद्धनौकेला नेऊन बांधलं, बत्ती दिली आणि समुद्रात उडी टाकली. शाळेत असं शिकवतात. गावातल्या म्हाताऱ्या जरा वेगळं सांगायच्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बत्ती दिल्यावर वारा फिरला, गलबत माघारी आलं आणि आपल्याच बंदरातली दोन पडाव आणि एक अंजिराचं झाड जाळून विझलं. पण म्हाताऱ्यांना पंचवीस मार्चला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, भाषण करायला कुणी बोलावत नाही, त्यामुळे तुर्कांची नौका दर वर्षी नव्याने बुडत राहिली.

या वीराचं चित्र कुणी काढलेलं नव्हतं. दीडशे वर्षं त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. मग अथेन्सात सत्ता बळकावलेल्या लष्करी कर्नलांचं राज्य आलं. स्वतः एकही लढाई न लढलेल्या माणसांना शूरवीरांची जशी हौस असते तशी ती कर्नलांना होती. हुकूम सुटला की स्वातंत्र्ययुद्धाला दीडशे वर्षं होताहेत, गावोगाव वीरांचे पुतळे हवेत. पिरेयसहून एक शिल्पकार बोटीने आला. वाटेत तो इतका ओकला होता की धड उभं राहवत नव्हतं. कॉफीच्या दुकानात खुर्चीवर कोसळला, डोळे उघडले, आणि समोर त्याला झन्नीस दिसला. पस्तिशीचा, रुंद कपाळाचा, आणि नाकाखाली अशी मिशी की तिच्यावर दोन चिमण्या बसाव्यात. तो तेव्हा कॉफी फार गरम आहे म्हणून फुंकर मारत होता. शिल्पकाराला वाटलं, हा वीर संतापला आहे.

"हाच!" तो म्हणाला, आणि पुन्हा बाहेर पळाला ओकायला.

झन्नीस चार दिवस दुकानात न हलता बसला. त्या बदल्यात त्याला रोज कॉफी मिळाली, थंड झालेली. आगीच्या नौका हाकणारा माणूस एवढी मिशी ठेवेल का, ठेवली तरी ती शिल्लक राहील का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. पुतळा बसला, पडदा सरकला, बँड वाजला, आणि त्या दिवसापासून झन्नीसचं तोंड त्याचं स्वतःचं राहिलं नाही.

मिशी पोथितोस न्हाव्याखेरीज कुणी कापायची नाही, असा पंचायतीने रीतसर ठराव केला. झन्नीसने शाळेवरून उकिरड्याची बादली नेऊ नये, पोरांच्या मनावर परिणाम होतो, असं मास्तरांनी सुचवलं. बाजारात तो माशाच्या भावावरून घासाघीस करायला लागला की कुणीतरी खोकायचं. एकदा माशाच्या खवल्यावरून पाय घसरून तो धक्क्यापाशी उताणा पडला, तर त्याला उठवायच्या आधी तेव्हाचे सरपंच इकडेतिकडे बघत होते, की बाहेरगावच्या कुणी पाहिलं तर नाही ना. आणि दर पंचवीस मार्चला त्याने घोळदार विजार, लाल कमरपट्टा आणि काळी टोपी घालून पुतळ्याशेजारी उभं राहायचं, हातात मशाल घेऊन. मशाल पेटवायची नाही, कारण पेटवली की तो टाकून देत असे. तिच्यात लाल कागद खोचलेला असायचा.

पुढे कर्नल गेले. चौकाचं नाव बदललं, रस्त्यांची नावं बदलली, सरपंच बदलले, दुकानातल्या भिंतीवरचे फोटो बदलले. कप्तान मात्र जागचा हलला नाही. तो कुठल्या पक्षाचा होता हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांचाच होता.

इरिनीचं या दोन नवऱ्यांशी वागणं अगदी निराळं होतं. हाडामांसाच्या नवऱ्यावर तिच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू व्हायचा. चपला दारात का, जाळ्याचा वास घरात का, मिशीला रस्सा का. आणि शनिवारी सकाळी ती व्हिनेगरची वाटी आणि फडकं घेऊन चौकात जायची, समुद्रपक्ष्यांनी कप्तानाच्या डोक्यावर आठवडाभर जे काही अर्पण केलेलं असे ते पुसून काढायची. हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात बसलेले पुरुष विचारायचे, "काय म्हणतो गं नवरा?" ती म्हणायची, "हा बराय. तोंड उघडत नाही, आणि हा घोरतही नाही." पंचायतीने एकदा तिला राष्ट्रसेवेबद्दल शाल दिली. तिने ती कोंबड्यांच्या खुराड्यावर घातली, कारण थंडीचे दिवस होते.

पुतळ्याचा डावा गाल मात्र इतर अंगापेक्षा चकचकीत व्हायला लागला. बाकी सगळा कप्तान हिरवट काळा, आणि डाव्या गालावर तेवढा सोन्यासारखा डाग. मास्तरांनी अभ्यास करून सांगितलं की खारा वारा डावीकडून येतो. सगळ्यांना ते पटलं. मास्तरांचं म्हणणं पटवून घेतलं की ते लवकर घरी जातात.

पुतळ्याला तीस वर्षं झाली त्या वर्षी, कार्निव्हल संपून उपास सुरू झाले त्या आठवड्यात इरिनीच्या छातीत कळ आली. बेटावर डॉक्टर नव्हता, आजही नाही. बोट यायचा दिवस होता, पण वारा दक्षिणेचा सुटला होता, आणि आग्रिलोसचं बंदर नेमकं दक्षिणेला तोंड उघडून बसलेलं आहे. दगडांचा जो जुना धक्का आहे त्याच्यावर त्या वाऱ्यात लाटा चढतात. लोकांनी घराचं दार काढलं आणि इरिनीला त्यावर निजवून किनाऱ्यावर आणलं. बोट आली, बंदराच्या तोंडाशी थांबली, एकदा भोंगा वाजवला, आणि वळून निघून गेली. पोलीसचौकीतून हेलिकॉप्टरसाठी फोन केला. तिकडून उत्तर आलं की या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही. झन्नीस तिचा हात धरून किनाऱ्यावर बसला होता. ती म्हणाली, "घरी चल. लोक बघताहेत." घरी नेल्यावर ती गेली.

दहनाची चाल तिथे नाही. पुरलं, वर दिवा लावला. घरातला आरसा इरिनीच्या धाकट्या बहिणीने, मोर्फोने, काळ्या कापडाने झाकला. आणि झन्नीसने सगळे पुरुष करतात तेच केलं: वस्तरा बाजूला ठेवला. चाळीस दिवस दाढी करायची नाही. चाळिसाव्या दिवशी उकडलेले गहू देवळात न्यायचे, मृताच्या नावाने वाटायचे, आणि मग तोंडाला वस्तरा लावायचा. दाढी उगवली ती पांढरी, खरखरीत, चहूबाजूंनी. आणि तिच्यात ती प्रसिद्ध मिशी कुठे सुरू होते नि कुठे संपते हे कळेनासं झालं.

इथून गावाच्या तोंडचं पाणी पळायला सुरुवात झाली. कारण चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत पंचवीस मार्च येत होता, आणि या पंचवीस मार्चला मंत्री येणार होते. साक्षात मंत्री, टीव्हीवाल्यांसकट.

सरपंच अरिस्तिदिस सांत्वनाला आला. वय चाळीस, पोट पंचावन्नचं. दुखवट्याच्या घरी देतात तशी बिनसाखरेची कॉफी मोर्फोने त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती औषधासारखी घेतली.

"बार्बा-झन्नीस," तो म्हणाला. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला तिथे बार्बा म्हणतात, जसं आपण काका म्हणतो, आणि बायकांना किरा. "किरा-इरिनी म्हणजे गावाची आई होती हो."

"तुला ती गाढव म्हणायची," आतून मोर्फो म्हणाली.

"आई म्हणूनच म्हणायची ना!" अरिस्तिदिस डगमगला नाही. "बार्बा, स्पष्ट बोलू का? मंत्री येताहेत. खूश झाले तर धक्का मंजूर करतील. नवा, सिमेंटचा, दक्षिणेच्या वाऱ्याला पुरून उरेल असा. पंधरा वर्षं मागतोय आपण."

"मागा की," झन्नीस म्हणाला.

"मागणारच. पण मंत्री येणार कप्तानाला बघायला. टीव्हीवर एका बाजूला पुतळा आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. हुबेहूब! देशभर लोक म्हणतील, बघा, वीराचं रक्त अजून आहे. आणि आता तुम्ही दिसताय…" त्याने शब्द शोधला. "…डोंगरातल्या साधूसारखे."

"माझी बायको मेलीय, अरिस्तिदिस."

"तेच म्हणतोय मी!" सरपंच पुढे सरकला, त्याचा आवाज खरोखरच भरून आला. "धक्का असता तर बोट लागली असती. बोट लागली असती तर किरा-इरिनी आज इथे बसून मला गाढव म्हणाली असती. उद्या दुसऱ्या कुणाची बायको त्या दारावर निजेल. बार्बा, एक दाढी. तिच्यासाठी करा."

झन्नीस कॉफीच्या कपातला गाळ बघत राहिला. अरिस्तिदिस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. खोटं बोलणाऱ्याला हाकलता येतं.

सरपंच गेल्यावर मोर्फो पदर खोचून पुढे आली, म्हणजे तिथे पदर नसतो, पण उभी तशीच राहिली. "दाजी, तुम्ही चाळीस दिवसांच्या आत वस्तरा लावलात तर माझ्या बहिणीच्या नावाचे गहू मी शिजवणार नाही. सांगून ठेवते."

"आणि धक्का?"

मोर्फोने कपबशी उचलली. तिचा नवरा बोटीवर होता, मुलगी दिवस भरत आलेली. "मला नका विचारू धक्क्याचं," ती म्हणाली, आणि भांडी आपटत आत गेली.

दोन रात्री झन्नीसला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि पोथितोसच्या दुकानात जाऊन खुर्चीवर बसला. लहानपणापासूनचा मित्र. दोघांनी एकत्र शाळा बुडवली होती, एकाच वर्षी लग्नं केली होती.

"कर," झन्नीस म्हणाला.

पोथितोसने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, साबण फेसाळला, वस्तरा चामड्यावर चार वेळा ओढला. मग वस्तरा खाली ठेवला आणि सिगारेट पेटवली. पेटती काडी बघून झन्नीसने सवयीने खुर्ची मागे सरकवली.

"मी नाही करणार," पोथितोस म्हणाला.

"काल कॉफीच्या दुकानात तूच म्हणालास, झन्नीसने दाढी केली पाहिजे म्हणून. मला कळलंय."

"केलीच पाहिजे. गावाचं हित आहे. पण मी नाही करणार. शवपेटीचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं, झन्नीस. त्याच खांद्याखालचा हात तुझ्या गालावर चालवू? हात झडेल माझा."

"मग कोण करणार?"

"ते मी कसं सांगू? दुसरा न्हावी आणा."

दुसरा न्हावी शेजारच्या बेटावर होता, आणि तिकडे जायला बोट लागते.

सरपंचाने मग पापा-लुकास पाद्रींना गाठलं. दुखवट्यातून सूट द्यायचा अधिकार धर्माला असतोच, तो त्याचा मुद्दा. पापा-लुकास भले गृहस्थ. स्वतःची दाढी छातीपर्यंत, म्हणून या विषयात त्यांना फारसा अनुभव नव्हता. ते झन्नीसच्या घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले.

"शास्त्रात मिशीबद्दल असं काही नाही," ते म्हणाले. "दाढीबद्दलही नाही. दुःख मनात हवं. राष्ट्रकार्य आहे. मी म्हणेन, हरकत नाही."

"मग तुमच्या समोर करू? तुम्ही आशीर्वाद द्या, मी वस्तरा फिरवतो."

पाद्री चटकन उठले. "माझ्या समोर कशाला? माझी बायको तुझ्या इरिनीची जिवलग. तिने ऐकलं तर मला देवळातच झोपावं लागेल. मी हरकत नाही म्हणालो, झन्नीस. मी कर असं म्हणालो नाही."

अशी गंमत झाली. अख्ख्या गावाला झन्नीसची दाढी गेलेली हवी होती आणि ती घालवायला अख्ख्या गावात एक हात पुढे येत नव्हता. कॉफीच्या दुकानात रोज बैठक बसायची. कुणी म्हणालं, झन्नीसला घरात ठेवा आणि कुणाला तरी बोकडाच्या केसांची मिशी चिकटवा. दोघांना चिकटवून पाहिली. एक बोकडासारखा दिसला आणि दुसरा स्वतःच्या सासूसारखा. कुणी म्हणालं, पुतळ्यालाच दाढी लावा. या सूचनेवर बराच वेळ गंभीर विचार झाला. आणि झन्नीस रस्त्याने गेला की सगळे उठून उभे राहायचे, छातीवर हात ठेवून म्हणायचे, "देव तुला आयुष्य देवो, तिची आठवण काढायला." तो पुढे गेला की पाठीमागून त्याच्या दाढीकडे बघून उसासे टाकायचे.

झन्नीस शूर नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. त्याला नाही म्हणता येत नसे. आयुष्यभर जे सांगितलं ते त्याने केलं होतं: बस म्हणाले बसला, मशाल धर म्हणाले धरली. पंचवीस मार्चच्या पहाटे तो उठला, घोळदार विजार चढवली, कमरपट्टा बांधला. त्याचा निश्चय झाला होता. इरिनी गेलीच होती. मोर्फोची पोरगी जायला नको. आपला वस्तरा, साबण आणि तांब्याभर पाणी त्याने घेतलं. आरशासमोर आला आणि थांबला. त्यावरचं काळं कापड काढायला हात उठेना. कापडाला इरिनीचीच सुई टोचलेली होती.

पण आरशाशिवाय ती मिशी उरवायची कशी? तीस वर्षांत स्वतःच्या मिशीला त्याने स्वतः हात लावलेला नव्हता. कुठून वळते, किती जाड, टोक कुठे संपतं, हे सगळं पोथितोसला माहीत. मग त्याला आठवलं की गावात एक आरसा असा आहे जो कुणी झाकलेला नाही.

चौकात अजून कुणी नव्हतं. खांबाखांबांवर निळीपांढरी निशाणं लागली होती. झन्नीस चौथऱ्यावर चढला आणि कप्तानाच्या समोर उभा राहिला. इतक्या जवळून त्याने पुतळ्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटायची. आता त्याने बोटाने कांस्याची मिशी चाचपली, स्वतःची दाढी चाचपली, साबण लावला, वस्तरा उघडला. आणि डाव्या बाजूपासून सुरुवात करावी म्हणून त्याने पुतळ्याच्या डाव्या गालाकडे नीट पाहिलं.

तो चकचकीत डाग वाऱ्याने पडलेला नव्हता. वारा असा मधोमध, कल्ल्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, चार बोटं आणि खाली अंगठ्याएवढा लागत नाही. फडक्यानेही असं होत नाही; फडकं डोक्यावर, कपाळावर, खांद्यावर सगळीकडे फिरत होतं आणि ते सगळं हिरवंच होतं. झन्नीसने आपला पंजा त्यावर ठेवून पाहिला. त्याचा पंजा मोठा होता, डागाबाहेर जात होता. हा हात लहान होता, आणि तो हात कुठला हे त्याला चांगलंच माहीत होतं. चाळीसेक वर्षं त्याने तो जेवणाच्या टेबलापलीकडे पाहिला होता.

बेटावर बायको नवऱ्याच्या गालावर हात ठेवत नाही. घरात दार लोटून ठेवत असेल कुणी. इरिनी तेही करत नसे, तिला ते नाटकी वाटायचं. पण वीराचा पुतळा पुसणं हे पुण्याचं काम आहे, ते भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करता येतं. दर शनिवारी ती आधी पक्ष्यांची घाण पुसायची आणि मग, फडकं खाली ठेवून, इथे हात ठेवून जरा वेळ उभी राहायची. कांस्याला सोन्याचा रंग चढेपर्यंत. आणि तो पन्नास पावलांवर जाळी शिवत बसलेला असायचा, मान खाली घालून.

झन्नीस चौथऱ्यावर बसला आणि रडला. किनाऱ्यावर रडला नव्हता, दफनाच्या वेळी रडला नव्हता. लोक बघत होते. साबण डोळ्यांत गेला, तो आणखी रडला. मग त्याने तांब्यातल्या पाण्याने तोंड धुतलं, वस्तरा मिटला, कमरपट्ट्यात खोचला आणि दाढीसकट तिथेच उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो सांगितलेलं करणार नव्हता.

अरिस्तिदिसने दुरून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढऱ्या निशाणासारखा झाला. पण तोवर मंत्र्यांची बोट बंदरात शिरली होती. मंत्री उतरले: उंच, गोरे, सुगंधी. बँड वाजला, पोरांनी कविता म्हटल्या, मंत्र्यांनी हार वाहिला. मग ते झन्नीससमोर आले. गाव श्वास रोखून उभं होतं.

मंत्र्यांनी झन्नीसला आपादमस्तक न्याहाळलं, त्याच्या पांढऱ्या दाढीवर नजर ठेवली, पुतळ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "हुबेहूब!"

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात पोथितोसने वाजवल्या.

भाषणात मंत्री म्हणाले की कप्तान सिदेरिससारखी माणसं वाऱ्याची पर्वा करत नसत. मग सगळे जेवायला बसले. पंचवीस मार्चला तिथे घरोघरी तळलेला खारा मासा आणि लसूण-बटाट्याचं वाटण असतं. पंचायतीच्या बायकांनी मंत्र्यांच्या मानाला शोभेल इतका लसूण घातला होता. सरपंचाने धक्क्याचा विषय काढला. मंत्री म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा काढला. मंत्री म्हणाले, "अभ्यास करायला समिती नेमू." तिसऱ्यांदा काढायच्या आत दक्षिणेचा वारा सुटला.

मंत्र्यांची बोट घाईने बंदराबाहेर काढावी लागली, नाहीतर ती जुन्या धक्क्यावर फुटली असती. मंत्री बेटावरच राहिले. संध्याकाळपर्यंत लाटा चौकाच्या पायऱ्यांना लागल्या. आणि मग मंत्र्यांच्या पोटात दुखायला लागलं. लसणाने असेल, भीतीने असेल, ते पोट धरून सरपंचाच्या पलंगावर आडवे झाले आणि "डॉक्टर! डॉक्टर!" म्हणून ओरडू लागले. गावाने एकमेकांकडे पाहिलं. त्याच पोलीसचौकीतून तोच फोन फिरवला.

हेलिकॉप्टर आलं.

वाऱ्याने निशाणं फाटत होती, दुकानाच्या खुर्च्या रस्त्याने घरंगळत होत्या, आणि ते डोलत, भेलकांडत आलं आणि शाळेमागच्या मैदानात उतरलं. मंत्र्यांना घोंगडीत गुंडाळून नेलं. सगळं गाव बघायला जमलं होतं. झन्नीस अजून त्या घोळदार विजारीत होता. वाऱ्याने ती शिडासारखी फुगली होती. ते यंत्र वर उठलं, कलंडलं, सावरलं आणि समुद्रावरून निघून गेलं.

"वारा तोच आहे," झन्नीस म्हणाला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

अरिस्तिदिसने खिशातून धक्क्याचा अर्ज काढला होता, तो त्याने परत खिशात घातला. पापा-लुकासांनी टोपी काढली. मोर्फो पुढे आली, आपली काळी शाल तिने झन्नीसच्या खांद्यांवर टाकली, आणि म्हणाली, "चला दाजी. गहू भिजत घालायला अजून वेळ आहे, पण निवडायला घेऊ."

मंत्री दोन दिवसांत बरे झाले. वायू होता. बेटाची आठवण मात्र त्यांनी ठेवली. पुढच्या वर्षी आग्रिलोसला धक्का मिळाला नाही. शाळेमागे हेलिकॉप्टर उतरायला सिमेंटचा गोल ओटा मिळाला, त्याला कप्तान सिदेरिसचं नाव दिलं, फीत कापली. त्यावर अजून कुणी उतरलेलं नाही. ऊन चांगलं लागतं म्हणून शेळ्या तिथे बसतात, आणि मोर्फोच्या मुलीने तिथेच अंजीर वाळत घातलेले असतात. तिचं बाळंतपण देवाच्या कृपेने उत्तरेच्या वाऱ्यात झालं, बोट लागली. मुलगी झाली, नाव इरिनी.

चाळिसाव्या दिवसानंतर पोथितोसने झन्नीसची दाढी केली, मिशी तेवढी ठेवली.

आता दर शनिवारी झन्नीस व्हिनेगरची वाटी आणि फडकं घेऊन चौकात जातो. पक्ष्यांची घाण पुसतो. मग फडकं खाली ठेवतो आणि डाव्या गालावर हात ठेवून जरा वेळ उभा राहतो. खाऱ्या हवेत कांसं लवकर हिरवं पडतं. पंधरा दिवस हात लागला नाही तर डाग काळवंडायला लागतो.

दुकानात बसलेल्यांना हे बघून राहवत नाही. "बार्बा," ते हाक मारतात, "स्वतःच्याच गालाचे लाड चाललेत का?"

"गाल माझा आहे," झन्नीस म्हणतो. "हात तिचा आहे. मी नुसता जागा धरून ठेवलीय."

मग पंजा जरा मुडपून, लहान करून, तो पुन्हा ठेवतो.